झाडाचं पाणी, उन्हाळा आणि छाटणी : सोलापूरच्या बागायतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगोला, पंढरपूर, मोहोळ, बार्शी, मंगळवेढा. शिवरात्र सरली आणि विहिरीचं पाणी तळाकडे जायला लागलं की या भागातले प्रश्न साधारण तेच असतात. छाटली तर बाग कमी पाण्यात निघेल का? ताण, म्हणजे बहाराआधी मुद्दाम पाणी तोडणं, किती दिवस द्यावा? रोज ड्रिप चालू असूनही दुपारी पानं का मिटतात? यातल्या बऱ्याच प्रश्नांच्या मुळाशी एक समज असतो, की छाटणी म्हणजे पाण्याची बचत. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी बागा जातात. म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

झाड एवढं पाणी पितं, त्याचं करतं काय?

बहुतेक सगळं हवेत सोडून देतं. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी पानांवाटे वाफ होऊन जातं. लाकूड, पान, फळ यांत राहणारा वाटा अगदी थोडा.

ही उधळपट्टी नव्हे. पानाला अन्न तयार करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो पानावरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, आत येतो. छिद्र उघडलं की आतला ओलावा बाहेर निसटतो. एकच दार असल्यामुळे झाडाला दुसरा मार्ग नाही. शिवाय वाफ होताना पान थंड राहतं. मे महिन्यात भर दुपारी पाणी मिळालेल्या झाडाचं पान आणि तहानलेल्या झाडाचं पान हातात धरून बघा, फरक बोटांना कळतो.

पाणी एवढ्या उंच चढतं कसं? मुळं ढकलतात का?

मुळं थोडं ढकलतात, पण खरी ओढ पानांची असते. पानातून पाण्याचा कण उडाला की मागचा कण पुढे ओढला जातो, आणि पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे ही ओढ खोडातल्या नलिकांमधून थेट मुळांपर्यंत पोचते. डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ मध्ये हे मांडलं आणि आजही मूळ गोष्ट तीच मानली जाते. त्याच्याही आधी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स यांनी पानं असलेल्या आणि पानं काढलेल्या फांद्या पाण्यात ठेवून पाहिल्या होत्या. पानं असलेल्या फांदीनं कितीतरी पट पाणी ओढलं. छाटणीच्या सगळ्या हिशोबाची सुरुवात त्या साध्या प्रयोगात आहे.

एक गोष्ट इथंच लक्षात ठेवा: खोडातलं पाणी ताणलेलं असतं. ताण देण्याच्या प्रश्नात ती पुन्हा येणार आहे.

पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यात हवा पाणी किती जास्त ओढते?

नुसत्या तापमानावरून याचा अंदाज येत नाही. हवा किती कोरडी आहे, म्हणजे तिच्यात अजून किती वाफ मावू शकते, हे पाहावं लागतं. जुलैमधला एखादा दिवस घ्या: ३० अंश तापमान, ७० टक्के आर्द्रता. हवेची ओढ सुमारे १.३ किलोपास्कल (हे दाबाचं एकक). आता आपल्याकडची मेमधली दुपार घ्या: ४० अंश, आर्द्रता २० टक्के. ओढ सुमारे ५.९. तापमान फक्त १० अंशांनी वाढलं, पण ओढ साडेचार पटींवर गेली. त्यात वारा सुटला की पानाभोवतीचा जरासा ओलसर थरही उडून जातो.

सोलापुरात पारा ४२-४३ वर जाणं नवं नाही. म्हणून एप्रिलच्या शेवटी आणि मेमध्ये, फेब्रुवारीत बसवलेलं ड्रिपचं वेळापत्रक तसंच चालू ठेवणं चुकीचं आहे. आणि जूनमध्ये आभाळ आलं, हवेत दमटपणा आला की मेचं वेळापत्रक चालू ठेवणंही तितकंच चुकीचं.

मग मेमध्ये झाड साडेचार पट पाणी पितं?

नाही. झाड दार लोटून घेतं. हवा फार कोरडी झाली किंवा मुळांशी ओल कमी झाली की झाडात अॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं, पर्णरंध्रं आकसतात. आपल्या उन्हाळ्यात बहुतेक फळझाडांचं खरं काम सकाळीच होतं. नऊ-दहा-अकरापर्यंत पानं जोरात चालतात, मग दुपारी मंदावतात, आणि मुळांशी ओल असेल तर संध्याकाळी पुन्हा थोडी उघडतात.

पण दार लोटलं की अन्नही थांबतं आणि पान तापतं. फळं पोसायच्या काळात रोज दुपारी असं होत राहिलं तर फळ फुगत नाही. म्हणून ‘झाडानं पाणी वाचवलं’ यात दरवेळी आनंद मानू नका. त्याची किंमत मालाच्या वजनात मोजली जाते.

फार टोकाच्या उष्णतेत आणखी एक गोष्ट दिसली आहे. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या कुळातल्या झाडांना बंदिस्त खोल्यांमध्ये वाढवून सलग चार दिवस ४३ अंशांवरची उष्णता दिली. अन्न तयार होणं जवळपास थांबलं, तरी झाडं पाणी सोडत राहिली, पानं थंड ठेवण्यासाठी. २०१८ मध्ये हे निष्कर्ष आले. म्हणजे उष्णतेच्या लाटेत काही झाडं वाढीसाठी नव्हे तर फक्त तगण्यासाठी पाणी खर्चतात. त्या चार-सहा दिवसांत मुळांशी ओल नसेल तर पानं करपतात. लाटेचा इशारा आला की पाणी लाटेच्या आधी द्या. पानं करपल्यावर दिलेल्या पाण्यानं ती परत येत नाहीत.

दुपारी पानं मलूल दिसतात. लगेच मोटर चालू करू का?

थांबा. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत बागेत जा. पानं ताठ असतील तर काळजी नाही: दुपारी हवेची ओढ मुळांच्या पुरवठ्यापेक्षा जास्त झाली होती, रात्री भरपाई झाली. पहाटेही पानं मलूल असतील तर मुळांचंच काहीतरी बिघडलं आहे.

आणि मुळांचं बिघडणं म्हणजे दरवेळी कोरडेपणा नसतो. ड्रिपरखाली वीतभर उकरा, माती मुठीत दाबा. पाणी ओघळत असेल, चिखल होत असेल, तर मुळं गुदमरली आहेत. मुळांना श्वासाला हवा लागते. ती नसेल तर पाण्यात उभं राहूनही झाड तहानलेलंच राहतं. भारी जमिनीतल्या डाळिंबात हे फार दिसतं, आणि मलूल झाड पाहून शेतकरी आणखी पाणी देतो. मर रोगाची बुरशी शिरलेली असली तरीही झाड असंच दिसतं. म्हणून आधी उकरून बघा, मगच मोटरचं बटण दाबा.

छाटणी केली की झाडाला पाणी कमी लागतं, हे खरं की खोटं?

काही दिवस खरं. पुढे नाही.

छाटणीच्या दुसऱ्या दिवशी पानांचं क्षेत्र कमी झालेलं असतं, त्यामुळे झाडाचा एकूण पाणीवापर घटतो. पण अर्धी पानं काढली म्हणून वापर अर्धा होत नाही. मुळं तेवढीच आहेत आणि आता त्यांना कमी पानं पोसायची आहेत. प्रत्येक उरलेल्या पानाच्या वाट्याला जास्त पाणी येतं, त्यामुळे त्याची रंध्रं जास्त वेळ उघडी राहतात. आधी जी पानं घेराच्या आत सावलीत होती, ती उन्हावाऱ्यात येतात आणि जास्त पाणी उडवतात. थोडक्यात, उरलेली पानं गेलेल्या पानांचा काही वाटा भरून काढतात. आतली झाकलेली, निम्मी पिवळी पानं काढली असतील तर बचत आणखीच कमी, कारण ती मुळात फारसं पाणी उडवतच नव्हती.

दुसरं म्हणजे जमीन. दाट घेराखाली सावली असते. घेर विरळ केला की ऊन जमिनीवर येतं आणि तिथली ओल उडायला लागते. आच्छादन नसेल तर झाडानं वाचवलेल्या पाण्यातलं बरंचसं मातीच सोडून देते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: नवी फूट. जोरात छाटलेलं झाड जोरात फुटतं. पाणसोट, म्हणजे जोरात वाढणाऱ्या बिनफळाच्या फांद्या, सरळ वर जातात, कोवळी लुसलुशीत पानं येतात. कोवळ्या पानावरचा मेणाचा थर पातळ असतो आणि रंध्रांचा ताबाही पूर्ण बसलेला नसतो. काही आठवड्यांत पानांचं क्षेत्र भरून येतं, कधी पूर्वीपेक्षा जास्त होतं. मग पाण्याची गरजही तिथंच येते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. छाटणीनं पाणी वाचत नाही, पाण्याची वेळ बदलते. ज्या काळात पाणी नाही त्या काळात पानं कमी असतील आणि पाणी येईल तेव्हा फूट येईल, अशी छाटणी बसवता आली तरच तिचा उपयोग. तारीख चुकली तर त्याच छाटणीनं नवी कोवळी पालवी नेमकी भर वैशाखात उभी राहते.

छाटणीनंतर ड्रिप किती कमी करायचं? काही हिशोब आहे का?

आहे, आणि तो वहीत करता येतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एवढं पाठ ठेवा.

समजा डाळिंब ४.५ बाय ३ मीटरवर आहे, म्हणजे झाडामागे १३.५ चौरस मीटर. उन्हाळ्यात बाष्पीभवन पात्रातून दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. त्याला पात्राच्या गुणांकानं, म्हणजे ०.७ नं, गुणलं की ७ मिलिमीटर. पूर्ण घेराच्या झाडासाठी पीक गुणांक, म्हणजे त्यातला पिकाला लागणारा हिस्सा, ०.४ धरला, तर ७ गुणिले ०.४ गुणिले १३.५, म्हणजे सुमारे ३८ लिटर. ड्रिपची कार्यक्षमता ९० टक्के धरून ४२ लिटर रोज. आता छाटणीनं घेर निम्मा झाला आणि गुणांक ०.२ वर आणला, तर तेच २१ लिटर होतात.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या झाडाचं वय, घेर, जमीन यांप्रमाणे ते बदलतील. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे आणि कृषी विज्ञान केंद्राकडे वयानुसार व महिन्यानुसार तक्ते मिळतात, ते घ्या. माझा आग्रह फक्त एवढा आहे की गुणांक एकदा ठरवून मोकळं होऊ नका. छाटणीनंतर दर आठवड्याला दुपारी बारा वाजता झाडाखालची सावली बघा. सावली वाढली की पाणी वाढवा. पानं नाहीत आणि पाणी पूर्वीचंच, ही चूक छाटणीनंतर मुळं कुजण्याचं मोठं कारण आहे.

डाळिंबाला मुद्दाम ताण का देतात? झाडाला त्रास देऊन फळ कसं येतं?

आपल्याकडे डाळिंबाला झोपवणारा हिवाळा नाही. पाणी मिळत राहिलं तर झाड वर्षभर थोडं थोडं फुलत राहतं आणि कुठलाच बहार, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, एकसारखा धरत नाही. म्हणून पाणी तोडून वाढ थांबवायची. शेंडे थांबले, पण पानं काही काळ अन्न बनवत राहिली की ते अन्न काडीत साठतं. डोळे, म्हणजे काडीवरच्या फुटीच्या जागा, पक्व होतात. मग पानगळ, हलकी छाटणी, खत आणि पाणी, या क्रमानं सगळी फूट आणि कळी एकदम निघते.

आंबे बहाराचं पाणी जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाचं जून-जुलैत, हस्ताचं सप्टेंबर-ऑक्टोबरात. हस्त बहाराला ताण बसेलच असं नाही, कारण परतीचा पाऊस कुणाला विचारून येत नाही. मृग बहाराचा ताण उन्हाळ्यात आपोआप बसतो, पण फळं पावसात वाढतात आणि तेल्या रोगाची, म्हणजे तेलकट डाग पाडणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची, भीती राहते. आंबे बहारात रोग कमी, पण फळं ऐन उन्हाळ्यात पोसायची, म्हणजे पाण्याची खात्री हवी. विहिरीत मेअखेरपर्यंत पाणी पुरेल का, हे बहार धरण्याआधी ठरवा. फळ लिंबाएवढं झाल्यावर टँकरचे दर विचारण्यात अर्थ नाही.

ताण किती दिवस, याला एक आकडा नाही. हलक्या मुरमाड जमिनीत चार ते सहा आठवड्यांत काम होतं, भारी जमिनीत त्याहून जास्त लागतं. दिवस मोजण्यापेक्षा झाड बघा: पानं फिकी पडून पिवळी व्हायला लागली, काही गळायला लागली की ताण बसला. पानगळीचं औषध मारायचं ते त्यानंतर, आणि प्रमाण जाणकाराला विचारून.

छाटणी दोन टप्प्यांत बरी. फळ काढल्यावर लगेच मुख्य छाटणी करावी आणि झाडाला पाणी-खत देऊन विसावा द्यावा. बहार धरताना फक्त शेंड्यांची आणि गर्दी करणाऱ्या काड्यांची हलकी छाटणी. सगळी कापाकापी ताण संपल्यावर एकदम केली, तर काडीत साठलेलं अन्नच आपण कापून बांधावर टाकतो.

ताण जास्त झाला तर काय होतं?

वर सांगितलं होतं की खोडातलं पाणी ताणलेलं असतं. मुळांशी ओल अगदीच संपली आणि ओढ चालूच राहिली की नलिकेतली पाण्याची धार तुटते, तिथं हवेचा बुडबुडा शिरतो. ती नलिका बंद. थोड्या नलिका गेल्या तर झाड सावरतं, नवं लाकूड बनवतं. जास्त गेल्या तर शेंड्याकडून फांदी वाळत येते, आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी त्या फांदीपर्यंत ते पोचत नाही. ‘ताण संपवून पंधरा दिवस झाले, एक बाजू फुटतच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. नखानं साल खरवडा. आत हिरवं असेल तर वाट बघा, तपकिरी असेल तर हिरव्यापर्यंत मागे कापा.

ताणलेल्या झाडावर खोडकिडाही लवकर बसतो. खोडाला गेरूचा लेप आपले लोक देतात तो चालू ठेवा.

ताण तोडतानाचं पहिलं पाणीही भडाभडा देऊ नका. कोरड्या काळात बारीक केसमुळं मेलेली असतात, ती परत यायला वेळ लागतो. थोडं थोडं, वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती) राखत वाढवा.

द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे नवी काडी तयार करण्यासाठीची कडक छाटणी, तर एप्रिलमध्येच करतात. ती कशी चालते?

चालते, पण वेलीच्या भरवशावर नव्हे, पाण्याच्या भरवशावर. नान्नज, पंढरपूर, बार्शी भागातली द्राक्षबाग एप्रिलमध्ये पूर्ण उघडी होते. पहिले आठ-दहा दिवस पानंच नसतात, तेव्हा पाणी फारच कमी लागतं. मग ऐन उन्हात फूट निघते आणि गरज दर आठवड्याला चढत जाते. पुढच्या हंगामाचे घड याच काळात काडीच्या डोळ्यात ठरतात. या दिवसांत पाण्याची ओढाताण झाली तर नुकसान ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसतं, आणि तेव्हा काही करता येत नाही. ज्याच्याकडे एप्रिल ते जून पाण्याची खात्री नाही, त्यानं द्राक्षाचं क्षेत्र वाढवताना हजार वेळा विचार करावा.

छाटल्यावर काडीतून पाणी गळतं. वेल रडते म्हणतात. त्यानं वेल कमजोर होते का?

नाही. पानं नसताना मुळं क्षार आत घेतात, त्यांच्यामागे पाणी येतं आणि दाबानं वर चढतं. कापलेल्या टोकातून ते गळतं. एका अर्थी ही चांगली खूण आहे: मुळं जिवंत आहेत, जमिनीत ओल आहे. डोळे फुटले की गळणं थांबतं. फक्त डोळ्याच्या अगदी लगत कापू नका, म्हणजे ओघळ डोळ्यावर राहत नाही.

बोरीला उन्हाळ्यात पाणी न देताही काही होत नाही, हे कसं?

बोरीचं वेळापत्रक आपल्या पावसाशी जुळलेलं आहे. फळं हिवाळ्यात निघतात, उन्हाळ्यात झाड पानं टाकतं. एप्रिलअखेर ते मेमध्ये तिची कडक छाटणी करतात, म्हणजे हवेची ओढ सगळ्यात जास्त असताना झाडावर पानंच नसतात. पालवी पावसाच्या तोंडावर येते. छाटणीची वेळ कशी बसवावी याचं हे आपल्या जिल्ह्यातलं सर्वांत चांगलं उदाहरण. सीताफळही त्याच वाटेनं जातं. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात या दोन झाडांना आपण अजून पुरेसा मान दिलेला नाही.

विहीर आटली. बाग फक्त जगवायची आहे. काय करू?

फळं असतील तर आधी फळं काढा. जीव तुटतो, पण फळ झाडाचं पाणी आणि अन्न दोन्ही ओढतं. मग पाणसोट, मुळाकडचे फुटवे, वाळक्या आणि आतल्या फांद्या काढा. घेर साधारण चौथा-पाचवा हिस्सा हलका करा, त्याहून जास्त नको. पश्चिमेकडची बाजू आणि वरचा भाग उघडा पाडू नका, नाहीतर खोडावरची साल उन्हानं भाजते. ही छाटणी पाणी संपण्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये करायची. मेमध्ये, झाड आधीच पिवळं पडलेलं असताना कात्री चालवणं म्हणजे त्याच्याकडचं शेवटचं साठलेलं अन्न काढून घेणं.

खाली उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा. आपल्या जिल्ह्यात ते मुबलक आहे आणि अजूनही ते पेटवून दिलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं. बुंध्याला मात्र पाचट चिकटवू नका. पानांवर केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी केली तर ऊन परावर्तित होऊन पान थोडं थंड राहतं. जे पाणी उरलं आहे ते रोज शिंतोडे उडवल्यासारखं देऊ नका. दोन-तीन दिवसांआड, मुळांच्या खोलीपर्यंत पोचेल असं द्या. वरवर भिजलेली माती संध्याकाळपर्यंत कोरडी होते.

काळ्या जमिनीत पाणी टिकतं, मग डाळिंब माळरानावर का चांगलं येतं?

मीटरभर खोल काळ्या जमिनीत झाडाला घेता येईल असं पाणी साधारण १५० ते २०० मिलिमीटर साठतं. मुरमात त्याच्या निम्मंही नाही. पण काळी माती ओली असताना हवा कोंडते आणि वाळताना भेगाळते, त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. मुरमात निचरा होतो, मुळं मोकळी राहतात, ताणही पटकन बसतो आणि पटकन तुटतो. मात्र तिथं चूक पचत नाही. लाइट गेली, मोटर जळाली, तर काळ्या जमिनीतलं झाड आठवडा काढतं. मुरमातलं दोन-तीन दिवसांत पानं टाकायला लागतं.

बोअरचं पाणी मचूळ आहे. भरपूर देऊनही झाड तहानलेलं दिसतं.

क्षार पाण्याला धरून ठेवतात, त्यामुळे ओल असूनही मुळांना ती ओढायला जोर लावावा लागतो. उन्हाळ्यात हवा शुद्ध पाणी घेऊन जाते आणि क्षार मुळांशीच ठेवते. पानांच्या कडा करपणं ही त्याची खूण. पाणी-माती तपासून घ्या, पहिल्या चांगल्या पावसात निचरा होईल असे चर काढा, आणि अशा बागेला ताण नेहमीपेक्षा हलका द्या.

पाऊस पडला आणि फळं तडकली. का?

कोरड्यात साल कडक होते, तिची ताणण्याची ताकद जाते. मग एकदम भरपूर पाणी आलं की आतले दाणे फुगतात आणि साल फाटते. बोरॉन-कॅल्शियमची कमतरता असेल तर आणखी लवकर. पावसावर आपला ताबा नाही, पण पाऊस येण्याआधी बाग पार सुकलेली नसावी एवढं नक्की करता येतं. अतिछाटणीनं उघडी पडलेली, उन्हानं भाजलेली फळं आधी तडकतात, हेही बघून ठेवा.

बांधावरच्या बाभळी-कडुनिंबामुळे कडेची ज्वारी येत नाही. झाड तोडू का?

तोडू नका, छाटा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली रब्बी ज्वारी पावसानं साठवलेल्या ओलीवरच येते. वरून पाणी नसतं. त्या ओलीवर झाडाचाही हक्क चालू असतो, आणि सावली ही त्यानंतरची अडचण. पेरणीच्या थोडं आधी, सप्टेंबरमध्ये, झाडाच्या खालच्या आणि रानाकडच्या फांद्या काढल्या तर ज्वारीचं मूळ खोल जाईपर्यंतच्या आठवड्यांत झाडाची ओढ कमी राहते. ही छाटणीची नेमकी योग्य वेळ आहे, कारण इथं आपल्याला कायमची बचत नकोच आहे, पिकाला सुरुवातीची मोकळीक हवी आहे. डहाळ्या शेळ्यांना जातात. बांधालगत दोन-अडीच फूट खोल चर मारला तर वरच्या थरातली आडवी मुळंही तुटतात. चर एकाच बाजूला मारा, चारी बाजूंनी मुळं तोडली तर वादळात झाड पडेल.

झाड ठेवण्याचं कारणही सांगतो. खोल मुळांची काही झाडं रात्री खालची ओल वर आणून वरच्या कोरड्या मातीत थोडी सोडतात. शिवाय वाऱ्याला अडसर होतो आणि शेजारच्या पिकावरची हवेची ओढ कमी होते.

शहरातले कडुनिंब मेमध्ये बोडके करतात. त्यानं झाड वाचतं की मरतं?

लिंब चिवट आहे म्हणून वाचतो. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो आणि पाऊस यायच्या कितीतरी आधी, ऐन उन्हाळ्यात, नवी पालवी घेऊन उभा राहतो. खोडात आणि खोल जमिनीत साठलेल्या पाण्यावर हे होतं. त्या पालवीवर त्यानं साठ्यातलं अन्न खर्च केलेलं असतं. पंधरा-वीस दिवसांनी वायर मोकळ्या करण्यासाठी कुणी शेंडाच उडवला, तर तो खर्च वाया जातो आणि झाडाला दुसऱ्यांदा पालवी काढावी लागते. सावली नेमकी हवी तेव्हा जाते, डांबर आणि भिंती तापतात, आणि जवळच्या छोट्या झाडांवरची ओढ वाढते. पुढे पाणसोटांचा झुबका उगवतो, जो वाऱ्यात सगळ्यात आधी मोडतो.

धोकादायक फांदी काढायलाच हवी, पण ती बुडापाशी नीट काढावी, आणि शक्य तिथं पानगळीच्या काळात, पालवीच्या आधी. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरण असतं. दारातल्या झाडाला हात लावण्याआधी तिथं अर्ज करा.

नवीन रोप लावताना वरची पानं छाटावीत का?

पिशवीतलं रोप असेल आणि पाण्याची सोय असेल तर गरज नाही. नवी मुळं पानांनी केलेल्या अन्नावरच वाढतात. उपटून आणलेल्या, मुळं तुटलेल्या रोपाचा थोडा भार कमी करणं ठीक. उन्हाळ्यात लावूच नका, आणि लावलंच तर छाटण्याऐवजी पश्चिमेकडून सावली करा.

थ्री फेज लाइट रात्रीच येते. रात्री पाणी दिलं तर चालतं?

चालतं, ड्रिपवर तर चांगलंच. रात्री पर्णरंध्रं बहुतांशी मिटलेली असतात, वाफ कमी होते, आणि दिवसभरात आकसलेलं खोड पाणी भरून पुन्हा फुगतं. खोडाचा हा फरक मिलिमीटरच्या काही भागांचा असतो, पण उपकरणानं मोजता येतो. पहाटेपर्यंत मुळांशी वाफसा असला की सकाळचे कामाचे तास झाडाला पूर्ण मिळतात. भारी जमिनीत मात्र रात्रभर मोटर सोडून झोपू नका, टायमर लावा. साप-विंचवाचे दिवस असतील तर बॅटरी आणि बूट घेतल्याशिवाय व्हॉल्व्ह फिरवायला जाऊ नका.

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय, मग झाडांना पाणी कमी लागेल असं वाचलं. खरं आहे का?

एकेका पानापुरतं खरं आहे. उद्योगयुगाआधी हवेत तो दहा लाखांत २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. वायू जास्त मिळाला की पान रंध्रं थोडी कमी उघडूनही काम भागवतं. पण तापमान वाढलं की हवेची ओढ वाढते, पानांचं क्षेत्रही वाढू शकतं, आणि रंध्रं कमी उघडल्यानं पान जास्त तापतं. सोलापूरसारख्या आधीच तापलेल्या भागात या बचतीवर विसंबून ड्रिपचे तास कमी करू नयेत.

कात्रीचा आणि पाण्याचा काही संबंध आहे का?

आहे. बोथट सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) काडी चिरडते, जखम वाळत मागे जाते आणि तिथल्या नलिका बंद पडतात. धार ठेवा. तेल्या असलेल्या बागेत प्रत्येक झाडानंतर सिकेटर जंतुनाशक द्रावणात बुडवा, मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. छाटणी ढगाळ, दमट दिवशी टाळून कोरड्या दिवशी करा, आणि कापलेल्या काड्या त्याच संध्याकाळी बागेबाहेर न्या.